निवृत्तीनंतर चाकांवरचं बिऱ्हाड: अमेरिकेतल्या आरव्ही-जीवनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मंडळाच्या जेवणात निवृत्तीचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी विचारतंच, "घर विकून आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेतली तर?" आम्ही दोघं हिवाळा ॲरिझोनात आरव्हीत काढतो, त्यामुळे प्रश्न आमच्याकडे वळतात. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. गाडीच्या मॉडेलांबद्दल फारसं सापडणार नाही. त्यावर बोलायला विक्रेते समर्थ आहेत. मुक्काम कुठे टाकायचा, शेजार कसा असतो, कागदपत्रं कशी सांभाळायची आणि गाडीतून कायमचं खाली कधी उतरायचं, यावर भर आहे.

आरव्हीत राहणारे निवृत्त लोक रोज गाव बदलत फिरतात का?

नाही, आणि हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पहिल्या वर्षी लोक हौसेने धावतात, आज ग्रँड कॅन्यन, परवा यलोस्टोन, आणि मग दमतात. मोठी मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, लिटरला तीन-चार किलोमीटर जाते. प्रत्येक वेळी हलायचं म्हणजे पाण्याचा पाइप काढा, विजेची तार गुंडाळा, कपाटांना कड्या लावा, बाहेर सरकवलेल्या भिंती आत घ्या. जुनीजाणती मंडळी वर्षातून मोजक्या वेळाच हलतात. थंडी पडायच्या आत दक्षिणेला यायचं, उन्हाळा तापायच्या आत उत्तरेला परतायचं आणि मधले महिने एका जागी बसायचं. हे प्रवासापेक्षा मुक्कामाचं आयुष्य आहे, हे एकदा पटलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

अशा लोकांना स्नोबर्ड म्हणतात. टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांद नदीच्या खोऱ्यातल्या मॅकॅलन, मिशन, हार्लिंजन या गावांत त्यांचं नाव 'विंटर टेक्सन' आहे आणि तिथली दुकानं, चर्च, दवाखाने सगळे त्यांची वाट बघत असतात. ही तऱ्हा जुनी आहे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाला 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही संघटना निघाली. सदस्याची खूण म्हणजे मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा!

क्वार्ट्झसाइट हे नाव सारखं ऐकू येतं. तिथे आहे तरी काय?

दगड, माती, निवडुंग आणि जानेवारीत उबदार दुपार. फीनिक्सपासून पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर, आय-१० महामार्ग आणि ९५ नंबरचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथलं हे गाव. उन्हाळ्यात चार हजारसुद्धा वस्ती नसते. हिवाळ्यात मात्र गावाबाहेरच्या वाळवंटात नजर पोचेल तिथपर्यंत पांढऱ्या गाड्या दिसतात. ही जमीन बहुतांशी केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची, म्हणजे बीएलएमची. १९८३ पासून खात्याने दीर्घ मुक्कामासाठी काही पट्टे राखून ठेवले आहेत. क्वार्ट्झसाइटजवळचा ला पोसा हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांचा हंगाम असतो. त्याचा परवाना वर्षानुवर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला. निघण्याआधी चालू दर खात्याकडून बघून घ्या.

एवढ्या पैशांत काय मिळतं? पाणी भरायची सोय, सांडपाणी रिकामं करायची जागा, कचरापेटी. विजेची जोडणी नाही, आखलेला प्लॉट नाही. सोलर पॅनल आणि बॅटऱ्या तुमच्या, शेजारी किती लांब हवा तेही तुमच्या मर्जीवर. जानेवारीत मोठ्या तंबूत आरव्हीचं प्रदर्शन भरतं, रत्नं-दगडांचे बाजार लागतात, जुन्या हत्यारांपासून चुंबकी बांगड्यांपर्यंत सगळं विकायला येतं. आमची संक्रांत याच धामधुमीत येते. तिळगुळाचा डबा घेऊन गाड्यांमधून फिरलं की कॅनडातले आजोबासुद्धा हात पुढे करतात. मराठीत 'गोड बोला' म्हणायला लावल्याशिवाय मी वडी देत नाही.

तिथल्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. अमेरिकन लष्कराने १८५० च्या दशकात वाळवंटात उंट वापरून बघितले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. लोकांनी नावाचं हाय जॉली करून टाकलं. १९०२ मध्ये तो इथेच वारला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्यांच्या गावाला हा पूर्वज शोभतो.

शेजार कसा असतो? एकटं पडायला होत नाही का?

उपनगरातल्या घरात जास्त एकटं वाटायचं. तिथे शेजारी गॅरेजमधून गाडी काढतो आणि गॅरेजमध्येच परत घालतो. इथे घर एवढं लहान, की माणूस बाहेर बसतो. चारच्या सुमाराला कुणीतरी खुर्ची बाहेर मांडतं, मग दुसरं, आणि अर्ध्या तासात गोल तयार होतो. प्रत्येक जण आपली खुर्ची आणि आपलं पेय घेऊन येतो. यजमान कुणीच नसल्यामुळे कुणावर भार पडत नाही.

काही अलिखित नियम आहेत. दुसऱ्याच्या जागेतून आडवं जायचं नाही, अंगण समजून वळसा घ्यायचा. जनरेटर रात्री बंद. दार लोटलेलं आणि पडदे ओढलेले असतील तर ठोठवायचं नाही. पूर्वी काय नोकरी करत होता, हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. आपल्याकडे 'कुठल्या कंपनीत' नंतरच नाव विचारतात, त्यामुळे याची सवय व्हायला वेळ लागतो. निरोपाच्या वेळी लोक छोटी कार्डं देतात, त्यावर दोघांची नावं, फोन आणि बहुधा कुत्र्याचंही नाव! पुढच्या वर्षी दुसऱ्याच राज्यात तीच माणसं भेटतात.

मदतीची तऱ्हाही वेगळी. टायर फुटला, पाण्याचा पंप बसला, की न बोलावता तीन निवृत्त मेकॅनिक हजर होतात आणि तिघांची तीन मतं असतात. पंप मात्र चालू होतो.

क्लबही आहेत. 'एस्केपीज' हा त्यातला फार मोठा. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये सुरू केला, मुख्यालय टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला. त्यांचे मेळावे, आरव्ही लावून राहायचे पार्क, टपालसेवा सगळं आहे. भेटल्यावर मिठी मारायची पद्धत आहे, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आपल्यासारखे लोक तिथे कितपत दिसतात?

फारच कमी. निवृत्त आरव्हीवाले बहुतांशी गोरे असतात, मध्य-पश्चिमेतले किंवा कॅनडातले. पहिले दोन दिवस जरा निरखून बघतात. मग प्रश्न सुरू होतात, 'मोटेल तुमचंच का?' हा ठरलेला. राग मानण्यासारखं क्वचितच काही घडलं. गाड्यांवर राजकीय झेंडे असतात. आम्ही गोलात राजकारण काढत नाही आणि कुणी काढलं तर चिवड्याचा डबा पुढे सरकवतो.

पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणात, शाकाहारी लोकांनी जपून राहावं. घेवड्याच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या सूपात हॅम असतंच असतं. स्वतःचा एक पोटभरीचा पदार्थ न्यावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

राहायचा खर्च किती येतो?

एक आकडा सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. फरक जागेचा आहे. फीनिक्सजवळच्या मेसा भागातल्या ज्येष्ठांच्या पार्कात पोहण्याचा तलाव, पिकलबॉल, सुतारकामाची शेड, नाचाचा हॉल असतो. तिथला हिवाळ्यातला भाव लहान गावातल्या फ्लॅटच्या भाड्याजवळ जातो. महिन्याने राहिलं की रोजचा दर बराच उतरतो, पण विजेचं बिल वेगळं येतं. दुसऱ्या टोकाला बीएलएमची मोकळी जमीन, बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट, मग हलायचं. या दोन्हींच्या मध्ये ला पोसासारखे पट्टे. जशी ऐपत, तसा मुक्काम.

पार्क ठरवताना दोन गोष्टी विचारा. बरेच पार्क दहा वर्षांहून जुनी गाडी आत घेत नाहीत. आणि '५५ प्लस' असा फलक असेल तर नातवंडांना किती दिवस ठेवता येतं? १९९५ च्या कायद्यानुसार अशा वस्तीत किमान ८० टक्के घरांमध्ये एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून मोठा असावा लागतो, आणि पाहुण्यांचे नियम पार्क आपले आपण करतात.

६२ पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन ज्येष्ठ पास ८० डॉलरला मिळतो. केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर त्याने भाडं निम्मं होतं. हा पास न काढणं म्हणजे शुद्ध आळस.

गाडी कोणती घ्यावी?

तुमच्यापैकी कमी चालवणाऱ्या माणसाला जी चालवता येईल ती. बससारखी क्लास ए ऐसपैस असते, पण बाजारात जायला मागे छोटी गाडी ओढावी लागते. क्लास बी म्हणजे व्हॅन. दोघांचा स्वभाव फार शांत असेल तरच. क्लास सीला ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो आणि शिडी चढायला गुडघे लागतात. फिफ्थ व्हील, म्हणजे ओढून न्यायचं बिऱ्हाड, पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवतात. एकाच जागी महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना ते घरासारखं वाटतं. लांबी वाढली की रस्ते कमी होतात, हेही लक्षात असू द्या. ग्लेशियर उद्यानातल्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे.

संडासाचं काय?

सगळ्यांना हाच प्रश्न आधी विचारायचा असतो आणि सगळे तो शेवटी विचारतात.

गाडीखाली तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. पार्कात सांडपाण्याची जोडणी असली तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवायची नाही. पाणी निघून जातं, घट्ट माल तळाला बसतो, त्याचा ढीग होतो आणि तो काढायला माणूस बोलवावा लागतो. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत थांबायचं. मग रबरी हातमोजे, जाड पाइप, त्याच्या तोंडाशी पारदर्शक वळणाचा जोड, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. आधी ब्लॅकची झडप एका झटक्यात ओढायची. घरघर आवाज येतो, पाइप थरथरतो, मग हळूहळू आवाज पातळ होतो. त्यानंतर ग्रेची झडप, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आपल्या लोकांना यात एक फायदा आहे. टाकीला कागद नको असतो, पाणी हवं असतं. हातातला छोटा जेट बसवून घेतला की कागद वाचतो आणि टाकी तुंबत नाही. वाळवंटात पाणी बेताने वापरायचं असेल तेव्हा मात्र जुना मगच बरा.

स्वयंपाक नीट करता येतो का?

येतो. शेगडी प्रोपेनवर चालते, दोन किंवा तीन बर्नरची. कुकर बसतो, पोळ्या होतात. पंचाईत फोडणीची. धुराचा अलार्म शेगडीपासून दोन पावलांवर असतो आणि मोहरी तडतडून मिरची पडली की तो बोंबलतो. छतावरचा पंखा आधीच लावायचा, शेगडीजवळची खिडकी उघडायची आणि मगच तेल तापवायचं. त्याहून सोपं म्हणजे बाहेर टेबलावर वेगळी शेगडी ठेवून फोडणी तिथे करणं. वाळवंटात हिंगाचा वास लांब जातो आणि कुणीतरी विचारपूस करायला येतं. सुके बोंबील भाजायचे असतील तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

विजेचं गणित तोंडपाठ पाहिजे. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक कुकर एकदम लावला की सगळं बंद. ५० अँपिअरची जोडणी मात्र १२,००० वॉटपर्यंत देते, कारण त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइन असतात.

देवघराबद्दलही विचारतात. मूर्तींखाली भूकंपाच्या भागात वापरतात ती चिकट पुट्टी लावा, म्हणजे खड्ड्यात बाळकृष्ण गडगडत नाही. समई चालत्या गाडीत अर्थातच नाही. मुक्कामाला निरांजन लावलं तरी दोघांपैकी एकाने समोर बसून राहायचं.

घर विकलं तर आपला पत्ता कोणता?

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात. लायसन्स, विमा, बँक, मतदान, कर, सगळ्यांना पत्ता हवा असतो. पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यापैकी एकाचे रहिवासी होतात. तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा रुळलेल्या आहेत. एस्केपीजच्या लिव्हिंग्स्टनच्या पत्त्यावर तर हजारो बिऱ्हाडं 'राहतात'. साउथ डकोटात पूर्णवेळ फिरणाऱ्यांना एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्स मिळत आलं आहे. मात्र रहिवास म्हणजे नुसती टपालपेटी नव्हे. जुन्या राज्यात घर, डॉक्टर आणि बँकेचा लॉकर ठेवून नव्या राज्याचे म्हणवलंत, तर जुनं राज्य कर मागू शकतं.

ग्रीन कार्डवाल्यांनी इथे दोनदा वाचावं. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवणं बंधनकारक आहे. नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी त्या राज्यात तीन महिने वास्तव्य लागतं, आणि चाकांवरचं वास्तव्य समजावून सांगता सांगता नाकीनऊ येतात. माझं स्पष्ट मत: आधी नागरिकत्वाची शपथ, मग घराची विक्री.

आजारी पडलो तर?

६५ नंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा, असेल तर ती स्वीकारणारा देशातला कोणताही डॉक्टर चालतो. फिरत्या माणसाला हेच सोयीचं, सोबत मेडिगॅपचा पूरक विमा घेतला की झालं. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना स्वस्त दिसतात, पण बहुतेकींना ठरावीक भागातलं डॉक्टरांचं जाळं असतं. तातडीच्या उपचारांचा खर्च मिळतो, पण साधी तपासणी दुसऱ्या राज्यात अडते. उशिरा अमेरिकेत आलेल्यांसाठी: तुमचे किंवा जोडीदाराचे कामाचे ४० तिमाही क्रेडिट नसतील तर पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरच्या रुग्णालयाच्या भागासाठी, दरमहा हप्ता भरावा लागतो, आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं वास्तव्य लागतं.

दातांचं वेगळं. ॲरिझोनातल्या यूमाजवळ सीमेपलीकडे मेक्सिकोत लोस अल्गोदोनेस नावाचं छोटं गाव आहे, शेकडो दंतवैद्यांचं. हिवाळ्यात निवृत्त मंडळी गाडी अलीकडे लावून पायी जातात, कवळी, चष्मा आणि औषधं घेऊन दुपारी परत. रांगेत पुढच्या माणसाने आपला नवा दात दाखवणं ही तिथली गप्पांची सुरुवात. मेडिकेअर मेक्सिकोत सहसा काही देत नाही. ग्रीन कार्डवाल्यांच्या खिशात कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही हवेत.

टोरांटोकडून येणाऱ्यांनी दिवस मोजावेत. ऑन्टारिओचा आरोग्य विमा टिकवायला बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं.

हे सगळे हौशी लोक आहेत, की नाइलाजाने राहतात?

दोन्ही, आणि लांबून फरक कळत नाही. ला पोसात लाखो डॉलरची बस आणि गंजलेली व्हॅन शंभर पावलांवर उभी असते. २००८ च्या मंदीत घर गेलं, नोकरी गेली, पेन्शन नाही, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारकडून उतारवयात मिळणाऱ्या, पैशांत भाडं भागत नाही, म्हणून व्हॅनमध्ये राहायला आलेले बरेच जण भेटतात. व्हॅनमधल्या स्वस्त राहणीचा प्रसार करणाऱ्या बॉब वेल्स यांनी क्वार्ट्झसाइटजवळ 'रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू' नावाचा मेळावा सुरू केला तो मुख्यतः अशा लोकांसाठी. कमी पैशांत सुरक्षित कसं राहावं, बादलीचा संडास कसा करावा, सोलर कसं जोडावं, असं शिक्षण तिथे फुकट मिळतं.

घरं विकून आलेल्या आपल्या मंडळींनी 'मी सगळं सोडलं' असं सांगताना समोर कोण बसलंय ते बघावं. आमच्या गोलात एक सत्तरीतल्या बाई रोज येतात, थर्मासमध्ये स्वतःचा चहा आणतात, कुणाचा घेत नाहीत. पॉटलकला मात्र त्यांचा मक्याचा ब्रेड सगळ्यात आधी संपतो.

तिथे काम करता येतं का?

हो, त्याला वर्कॅम्पिंग म्हणतात. राष्ट्रीय जंगलांत कॅम्प होस्ट झालात की जागा, वीज, पाणी फुकट. बदल्यात पाहुण्यांना जागा दाखवायची, शेगड्यांतली राख काढायची, संडास साफ ठेवायचे. शरद ऋतूत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या रेड रिव्हर खोऱ्यात साखर-बीटची काढणी असते. बारा तासांची पाळी, चिखल, थंडी, पण थोड्या आठवड्यांत बरे पैसे. पासष्टीनंतर अंगाला झेपेल का, ते आधी डॉक्टरला विचारा.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना असल्या कामाला बसवू नका. फुकट जागा हाही मोबदलाच धरला जातो.

एकट्या बाईने राहणं सुरक्षित आहे का?

आमच्या आसपास कितीतरी जणी राहतात. 'आरव्हीइंग विमेन' हा फक्त बायकांचा क्लब आहे. एकट्यांसाठी 'लोनर्स ऑन व्हील्स' आहे, आणि तिथे जोडी जमली की सदस्यत्व संपतं. जाणत्या बायकांचं म्हणणं असं: गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवा, रात्री किल्ली हाताशी, जागा मनाला पटली नाही तर कारण न शोधता निघा.

आई-बाबा भारतातून आले तर?

आठवडाभर मजा, महिनाभर शिक्षा. रात्री उठणाऱ्या माणसाला अरुंद वाट आणि पायऱ्या नकोत. प्रवासात प्रत्येकाला पट्ट्याची सीट हवी, आणि ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये चालत्या प्रवासात कुणालाही बसवू नये. पार्कात शेजारची केबिन भाड्याने मिळते, ती घ्या. दुपारी बाबा कॅनेडियन आजोबांबरोबर पत्ते खेळतील, भाषेवाचून अडणार नाही.

आम्ही हिवाळ्यात पुण्याला जातो. मग आरव्ही कशाला?

मग उलटा हंगाम धरा. उन्हाळ्यात मिशिगन, मिनेसोटा, कोलोरॅडो, आणि दिवाळीआधी गाडी बंद करून विमान. उत्तरेत ठेवणार असाल तर पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ घालून घ्या, नाहीतर वसंतात भिंतीतून पाणी येईल.

थांबायचं कधी?

हा प्रश्न आम्हाला कमी विचारला जातो, म्हणून आम्हीच काढतो. गाडी घेण्याआधी उतरण्याचा बेत लिहून ठेवा. रात्रीचं दिसेनासं होतं, गुडघा ब्रेकवर टिकत नाही, किंवा दोघांपैकी जो चालवतो तोच आजारी पडतो. एकजण गेल्यावर दुसऱ्याला चाळीस फुटी बस हलवता येत नाही आणि मुलं दोन हजार मैलांवर असतात, हे आम्ही शेजारी बघितलं आहे. तेव्हा पार्कातल्या लोकांनी पाळ्या लावून त्या काकूंना दवाखान्यात नेलं, गाडी विकून दिली, सामान बांधलं.

बरेच जण त्याच पार्कात पार्क मॉडेल घेतात. चाकं नावापुरती, साधारण ४०० चौरस फुटांचं घर. शेजार तोच, गाडी चालवणं संपलं. लिव्हिंग्स्टनला एस्केपीजने 'केअर' नावाचं केंद्र चालवलं आहे. तिथे प्रवास थांबलेले सदस्य आपल्याच आरव्हीत राहतात आणि जेवण, दवाखान्यात ने-आण, दिवसाची देखभाल केंद्र बघतं. घर विकून आलेले पैसे सगळे गाडीत घालू नका. आरव्हीची किंमत वर्षागणिक उतरते आणि परत फ्लॅट घ्यायची वेळ आली की बाजार आपल्यासाठी थांबलेला नसतो.

असं भारतात जमेल का?

सहलीपुरतं जमेल. २०२१ मध्ये केरळने आणि महाराष्ट्रानेही कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्याने गाड्या मिळतात. वर्षभर राहायला मात्र टाकी रिकामी करायची सोय, महिन्याच्या भाड्याचे पार्क आणि तशी शेजारवस्ती लागते. ती अजून उभी राहिलेली नाही.

सुरुवात कुठून करावी?

भाड्याची गाडी घेऊन दोन आठवडे एकाच पार्कात राहा. फिरायला जाऊ नका, तिथेच राहा. दोघांनीही गाडी चालवा, दोघांनीही टाकी रिकामी करा, एक पावसाळी दिवस आत बसून काढा. जमलं तर पहिल्या हिवाळ्याचं बुकिंग वसंतातच करा. ॲरिझोना आणि टेक्ससचे चांगले पार्क पुढच्या वर्षीच्या जागा आधी जुन्या लोकांना देतात आणि उरलेल्या पटापट जातात. ला पोसाला आरक्षण लागत नाही. मोकळी, सपाट जागा बघायची आणि पावसाच्या पाण्याचा कोरडा ओढा सोडून गाडी लावायची.